पत्रा जळत नाही, पण आग अडवतो का?

दरवर्षी मे-जूनमध्ये या सदराकडे शेडबद्दलची पत्रं वाढतात, पण बहुतेकांचा सूर एकच असतो की शेड फार तापतं, काय करू. यावेळी आगीबद्दलचे प्रश्न जास्त आलेत म्हणून यंदाच्या अंकात सगळे एकत्रच घेतले. नेहमीप्रमाणे नावं छापत नाहीये, फक्त गाव दिलंय. पहिल्या प्रश्नाचं उत्तर लांबलंय, कारण पुढच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं त्यातच आहेत, तेव्हा तुमचा प्रश्न खाली असला तरी ते आधी वाचा.

प्रश्न : सिन्नरला आमचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. ४० बाय ८० फुटांचं शेड, उंची २० फूट, बाजूला अर्धा एमएमचा कलर कोटेड पत्रा आणि आतून बॉक्स पाइपचे रनर, म्हणजे पत्रा ज्यांवर ठोकलाय ते आडवे पाइप. शेजारच्या गाळ्यात नवीन भाडेकरू आला, त्याने सोफ्याचा फोम आणि गाद्या छतापर्यंत भरल्यात, आणि दोघांच्या मध्ये फक्त आमचा एक पत्रा. इन्शुरन्सचा सर्व्हेयर येऊन म्हणाला ही भिंत दोन तासांची फायर रेटेड करून घ्या. एक कॉन्ट्रॅक्टर पफ पॅनल सांगतो, दुसरा म्हणतो आतून जिप्सम मारून देतो. मुळात पत्रा काही जळत नाही, मग हा खर्च कशाला? (एक वाचक, सिन्नर)

उत्तर : पत्रा जळत नाही हे खरंच आहे, पण तुमचा सर्व्हेयर ते विचारतच नाहीये. तो विचारतोय की पलीकडे आग लागली तर तुमच्या बाजूचं सामान किती वेळ वाचेल. भिंतीची जी अग्निरोधक चाचणी असते, आपल्याकडे आयएस ३८०९ प्रमाणे, तिच्यात भट्टीचं तापमान पाच मिनिटांत ५७५ अंशाच्या आसपास जातं, अर्ध्या तासात ८४० आणि तासाभरात ९४५ अंश. आणि भिंतीला तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. ती पडता कामा नये, तिच्यातून ज्वाळा किंवा गरम वायू पलीकडे जाता कामा नये, आणि तिसरं म्हणजे थंड बाजूचं तापमान सरासरी १४० अंशांपेक्षा किंवा कुठल्याही एका ठिकाणी १८० अंशांपेक्षा जास्त वाढता कामा नये. लोक पहिल्या दोनच लक्षात ठेवतात आणि नुसता पत्रा तिसऱ्यातच नापास होतो, तोही पाच मिनिटांच्या आत. अर्ध्या एमएमचा पत्रा म्हणजे उभा केलेला तवाच आहे, एका बाजूला जाळ तर दुसऱ्या बाजूला चटका. तुमच्याकडे त्याला टेकून पुठ्ठ्याचे खोके, लाकडी पॅलेट, थिनरचे डबे ठेवलेले असतील (असतातच, भिंतीलगतची जागा कोण सोडतो) तर ज्वाळा न येताही ते पेटतील.

शिवाय पत्रा एकटा नाही, त्याच्यामागे स्टीलचा सांगाडा आहे. स्टील वितळायला पंधराशे अंश लागतात म्हणून लोक निर्धास्त असतात, पण साडेपाचशे अंशाला त्याची ताकद जवळपास निम्म्यावर येते. फोमच्या आगीत तेवढं तापमान व्हायला फार वेळ लागत नाही. आणि तापलं की ते लांबतं, सहा मीटरचा खांब पाचशे अंशांनी तापला तर ३६ एमएम म्हणजे दीड इंचाच्या जवळ वाढतो. मग स्क्रूची भोकं फाटतात, पत्र्याचे लॅप, म्हणजे एकावर एक चढलेल्या कडा, उघडतात आणि तिथूनच ज्वाळा आत येतात. आग विझल्यावर शेडचे पत्रे कागदासारखे चुरगळलेले दिसतात ते यामुळेच.

आता पफ पॅनल. नको, स्पष्ट सांगतो. कोल्ड स्टोरेजला ते चांगलं, तुमच्या ह्या भिंतीला अजिबात नाही. दोन पत्र्यांच्या मध्ये पॉलियुरेथेन फोम म्हणजे शेजाऱ्याने जो माल भरलाय त्याच जातीचा माल तुम्ही भिंतीत भरताय. तो पेटला की आतल्या आत पसरतो, बाहेरून पाणी मारून पोचत नाही, आणि धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइड असतो. थर्माकोलचं पॅनल तर त्याहून वाईट, शंभर अंशाच्या आसपासच मऊ होऊन आटतं आणि दोन पत्र्यांमध्ये पोकळ धुरांडं तयार होतं. पीआयआर नावाचं पॅनल मिळतं, ते पफपेक्षा बरं आहे पण तेही फोमच. पॅनलच लावायचं असेल तर रॉकवूल भरलेलं मागा, ते हजार अंशापर्यंत वितळत नाही. नुसतं 'वूल' म्हणून ग्लासवूल गळ्यात मारतात ते बघा, ते सहा-सातशे अंशालाच बसतं, थंडाव्याला आणि आवाजाला उत्तम पण दोन तासांच्या भिंतीला नाही.

राजकोटचं आठवत असेल, २५ मे २०२४, टीआरपी गेम झोन. पत्र्याचं दोन मजली शेड, सुट्टीतली गर्दी, एकीकडे वेल्डिंग चालू, ठिणग्या खालच्या थर्माकोल-फोमवर पडल्या आणि काही मिनिटांत सगळं गेलं, २७ जण. पत्रा तिथेही जळाला नव्हताच.

मग करायचं काय. जागा असेल आणि जमीन चांगली असेल तर माझं पहिलं मत बांधकामाची भिंत, म्हणजे सहा इंची एएसी ब्लॉक (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचा ठोकळा) किंवा वीट. साडेचार इंची विटेची भिंतसुद्धा दोन तासांच्या आसपास टिकते, नऊ इंची चार तास, एएसी त्याहून हलका आणि उष्णता कमी जाऊ देणारा. पण २० फूट उंच भिंत नुसती रचत नेता येत नाही, तिला आरसीसीचे खांब आणि मध्ये मध्ये आडवे पट्टे लागतात, खाली प्लिंथ बीम लागतो, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून काढून घ्या, गवंड्यावर सोडू नका. वजनाचा अंदाज द्यायचा तर नऊ इंची विटेची भिंत चौरस मीटरला साडेचारशे किलोच्या पुढे जाते, सहा इंची एएसी प्लास्टरसकट दीडशेच्या आतबाहेर. अजून एक गोष्ट जी कोणी सांगत नाही, ही भिंत शेडच्या खांबांना घट्ट जखडू नका. शेजारचं शेड आगीत खाली बसलं तर ते ओढताना भिंतही घेऊन पडेल. भिंत स्वतःच्या पायावर उभी राहायला हवी, शेड गेलं तरी.

दुसरा मार्ग म्हणजे ड्रायवॉल, तुमचा जिप्समवाला म्हणतो तो, फक्त तो म्हणतो तसा नाही. 'आतून जिप्सम मारून देतो' म्हणजे तो रनरवर साधा बोर्ड एका थरात ठोकणार आणि पत्र्यालाच भिंतीची दुसरी बाजू धरून भिंत झाली म्हणणार. तसं चालत नाही. जिप्सम आग अडवतं ते त्याच्यातल्या पाण्यामुळे, त्याच्या वजनाचा जवळपास पाचवा हिस्सा रासायनिक बांधलेलं पाणी असतं, एका चौरस मीटर बोर्डात साधारण दोन लिटर, आणि ते सगळं वाफ होऊन जाईपर्यंत मागची बाजू शंभर अंशाच्या आसपासच थांबते. पाणी गेलं की साधा बोर्ड भेगाळून खाली पडतो. फायर बोर्डात काचेचे तंतू असतात, ते त्याला धरून ठेवतात. म्हणून बोर्ड फायर रेटेडच घ्यायचा, बहुतेक कंपन्यांचा गुलाबी कागदाचा येतो, पण रंगावर जाऊ नका, शीटच्या मागचा छाप वाचा.

रचना अशी. स्वतंत्र जीआय (जस्त चढवलेल्या पत्र्याचे) स्टड म्हणजे उभ्या पट्ट्या आणि ट्रॅक म्हणजे त्यांना वर-खाली धरणाऱ्या पट्ट्या, शेडच्या रनरला न टांगता जमिनीपासून वरपर्यंत. स्टडच्या दोन्ही बाजूंना फायर बोर्डचे दोन-दोन थर, मध्ये रॉकवूल, ४८ किंवा ६४ डेन्सिटीचं, म्हणजे घनमीटरला तेवढे किलो. पहिल्या थराचे सांधे दुसऱ्या थराच्या सांध्यांवर येता कामा नयेत, हे मिस्त्रीला काम सुरू व्हायच्या आधी सांगा कारण नंतर ते दिसतच नाही. पहिल्या थराला २५ एमएमचा स्क्रू, दुसऱ्याला ३८ एमएमचा, म्हणजे तो दोन्ही थर पार करून स्टडमध्ये धरतो. बाहेरच्या थराला २५ चाच मारला तर तो फक्त आतल्या बोर्डात रुततो आणि आगीत पहिला तोच सुटतो. मी साइटवर गेलो की एक स्क्रू उलटा फिरवून काढतो आणि लांबी बघतो, कॉन्ट्रॅक्टरला राग येतो, येऊ दे. असे दोन-दोन थर म्हणजे दोन तासांची भिंत हे ढोबळ झालं, पण तुमच्या नेमक्या जोडणीचा, म्हणजे तोच स्टड, तोच बोर्ड, तेवढीच उंची, टेस्ट रिपोर्ट कंपनीकडून घ्या. बऱ्याच रिपोर्टमध्ये भिंत तीन मीटर उंचीची तपासलेली असते आणि तुमची सहा मीटर आहे, तर उंच भिंतीसाठी कंपनीचं लेखी मत मागायचं.

आता अडचण येते ती पलीकडच्या बाजूची. शेजाऱ्याच्या बाजूने तुम्हाला हात घालता येत नाही आणि पत्र्याकडचा बोर्ड लावायचा कुठून? यावर दोन उपाय आहेत. शाफ्ट वॉल म्हणून प्रकार मिळतो, लिफ्टच्या डक्टसाठी बनवलेला, त्यात सगळं एकाच बाजूने बसतं पण महाग पडतो आणि सगळीकडे कारागीर मिळत नाही. नाहीतर शेजाऱ्याला विश्वासात घ्या आणि एकेक बे उघडा, म्हणजे दोन खांबांमधला पत्रा काढा, तिथला बोर्ड बाहेरून लावा, पत्रा परत चढवा, मग पुढचा बे. पावसाळ्याच्या आधी करा, बोर्ड भिजला की गेला.

आणि सगळी भिंत जिप्समची करू नका. खालचे तीन-चार फूट ब्लॉकचे बांधा आणि त्यावर ड्रायवॉल. फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये ट्रॉली भिंतीला लागणार, अँगल घसरून पडणार, फरशी धुताना पाणी जाणार, बोर्ड खालून पहिल्या वर्षीच खराब होतो.

ह्यानंतर माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, आणि ह्यावरच बहुतेक लोक पैसे वाचवतात, ते म्हणजे भिंतीचं वरचं टोक. छताचा पत्रा पन्हाळीचा असतो, भिंत त्याच्याखाली सरळ संपते, म्हणजे प्रत्येक पन्हाळीखाली मूठभर जागा उघडी. ८० फुटांच्या भिंतीवर अशा किती होतात मोजून बघा. तिथे बहुतेक वेळा काळ्या फोमची पट्टी खोचलेली असते, धूळ आणि चिमण्या अडवायला, ती काढून टाका आणि पन्हाळीच्या आकाराचं रॉकवूल दाबून बसवा, वरून फायर सीलंट. तिथे बोर्ड छताला घट्ट टेकवायचा नाही, छत वाऱ्याने आणि उन्हाने हलतं, थोडी फट सोडून ती सीलंटने भरायची. जमलं तर भिंत छताच्या वर दोन-तीन फूट काढा, ते सर्वात उत्तम, पण मग छत तोडून फ्लॅशिंग (सांध्यातून पाणी आत येऊ न देणारी पत्र्याची पट्टी) आणि गटार करावं लागतं. तसंच भिंतीच्या दोन्ही बाजूंचे प्लॅस्टिकचे उजेडाचे पत्रे बघा. आग पहिली त्यातून वर येते आणि वाऱ्याने शेजारच्या उजेडाच्या पत्र्यातून खाली उतरते, भिंत बिचारी मध्ये उभी. भिंतीलगत निदान पाच-सहा फूट साधा पत्रा हवा.

मग भोकं. कंप्रेसरची लाइन, केबल, जुना एक्झॉस्ट फॅन. भिंतीतून शक्यतो काहीच नेऊ नका, न्यावंच लागलं तर केबलभोवती रॉकवूल आणि फायर सीलंट, पीव्हीसी पाइप असेल तर त्याला फायर कॉलर, जो तापला की फुगून वितळलेल्या पाइपची जागा बंद करतो. इलेक्ट्रिशियन लोक डब्यातला पिवळा फोम मारून मोकळे होतात, तो फोम पेटतो. दरवाजा असेल तर तोही १२० मिनिटांचा फायर डोअर आणि आपोआप बंद होणारा, वीट लावून उघडा ठेवलेला नाही.

शेवटी तुमच्याच बाजूचं. फोम शेजाऱ्याचा असला तरी ठिणग्या तुमच्या आहेत. वेल्डिंग आणि ग्राइंडिंगच्या ठिणग्या दहा-अकरा मीटरपर्यंत जाऊ शकतात, आणि तुमच्याकडे पत्र्याच्या लॅपमध्ये बोट जाईल अशा फटी असणार. भिंत होईपर्यंत वेल्डिंगची जागा विरुद्ध बाजूला हलवा, काम संपल्यावर तासभर कोणीतरी थांबलं पाहिजे, आणि शेजाऱ्याला सांगा की फोम पत्र्यापासून निदान दोन-तीन फूट लांब ठेव. ह्याला पैसे लागत नाहीत आणि आज संध्याकाळी करता येतं. कागदांचं म्हणाल तर राज्याच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे फायर यंत्रणेचं काम लायसन्स असलेल्या एजन्सीकडूनच करून फॉर्म 'अ' घ्यायचा, आणि मग दर जानेवारी आणि जुलैमध्ये ती चालू स्थितीत असल्याचा फॉर्म 'ब'. क्लेमच्या वेळी हे पहिलं विचारतात.

प्रश्न : पत्र्याला फायर पेंट मारला तर भिंत एक तासाची होईल असं दुकानदार म्हणतो. बोर्डापेक्षा खूप स्वस्त पडेल. (एक वाचक, तळेगाव)

उत्तर : नाही होणार. तो पेंट दोन-सव्वादोनशे अंशाला फुगतो आणि जाड कोळशाचा थर तयार करतो हे खरं आहे, पण तो खांब आणि बीमसाठी आहे, म्हणजे जाड स्टील उशिरा तापावं म्हणून. किती एमएम मारायचा ते त्या सेक्शनच्या जाडीवरून ठरतं. अर्ध्या एमएमच्या पत्र्याला स्वतःचं वस्तुमानच नाही, त्याच्या मागची बाजू थंड राहील असं ह्या पेंटचं कामच नाही. तुमचे उघडे खांब असतील तर त्यांना जरूर मारा, आणि मारल्यावर जाडी मोजून घ्या, कारण दोन हात मारून चार हातांचं बिल लावणं सर्रास चालतं.

प्रश्न : आमचं सावंतवाडीजवळ काजू बीचं युनिट आहे, जुनं, लाकडी वासे आणि रिपांवर पत्रा मारलेल्या भिंती. भाजणीच्या भट्टीचं धुरांडं भिंतीतून बाहेर काढलंय. गेल्या हंगामात त्या ठिकाणचा वासा काळा पडलेला दिसला. जिप्सम लावावं का? (एक वाचक, सिंधुदुर्ग)

उत्तर : वासा काळा पडलाय म्हणजे तो रोज थोडा थोडा कोळसा होतोय. असं सतत शेकलेलं लाकूड पुढे कमी तापमानालाही पेट घेतं, तेव्हा हंगामाची वाट बघू नका. बाकी भिंतीचं नंतर बघू, आधी धुरांडं. एकेरी पत्र्याच्या नळीपासून लाकूड सगळ्या बाजूंनी निदान दीड फूट लांब पाहिजे. तेवढ्या चौकोनातले वासे-रिपा कापा, कापलेली टोकं लोखंडी अँगलच्या चौकटीत धरा आणि त्या मोकळ्या जागेत दोन्हीकडून पत्रा, मध्ये रॉकवूल. नळीभोवती मोठ्या व्यासाची दुसरी नळी बसवा, दोघींमध्ये रॉकवूल भरा. आणि धुरांडं आतून किती वेळा साफ करता? काजूच्या टरफलाचं तेल धुराबरोबर जाऊन आत डांबरासारखं चिकटतं आणि एक दिवस धुरांड्यालाच आतून आग लागते, मग नळी लालबुंद होते. हंगामात ते खरवडून काढायचं काम ठरलेल्या दिवशी व्हायलाच हवं. टरफलांचे ढीगही भिंतीला टेकवू नका.

जिप्सम मात्र कोकणात उघड्यावरच्या युनिटला नको. चार महिने दमट हवा, बोर्ड फुगतो, कागदाला बुरशी येते. भट्टीच्या खोलीपुरती चिऱ्याची भिंत बांधता आली तर प्रश्नच मिटला, चिरा तुमच्याकडे दाराशी मिळतो. नाहीच जमलं तर कॅल्शियम सिलिकेट बोर्ड घ्या. सिमेंट फायबर बोर्ड जळत नाही म्हणून विकतात, पण 'जळत नाही' आणि 'तासभर उष्णता अडवतो' ह्या वेगळ्या गोष्टी, रिपोर्ट बघा. आणि रॉकवूल बाहेरच्या पत्र्याला चिकटवून लावू नका, पत्र्याच्या आतून दव सुटतं, वूल भिजतं आणि पत्रा आतून सडतो, बाहेरून कळतही नाही. मध्ये इंचभर मोकळी जागा आणि खाली पाणी निघायला वाट ठेवा.

प्रश्न : आठ गायींचा गोठा आहे, तीन बाजूंनी पत्रा. उन्हाळ्यात तापतं म्हणून आतून थर्माकोल लावलाय आणि त्यावर चंदेरी बबलची शीट. शेजारच्या खोलीत कडबा आणि कुट्टी मशीन. मध्ये पत्राच आहे. मेहुणे म्हणतात हे धोक्याचं आहे. (एक वाचक, संगमनेर)

उत्तर : मेहुण्यांचं ऐका. थर्माकोल आणि ती बबलची शीट दोन्ही जळून थेंब थेंब खाली गळतात, आणि खाली जनावरं बांधलेली. दोन्ही काढा. थंडाव्यासाठी छताला वरून पांढरा रंग किंवा चुना, मध्यावर हवा निघायला मोकळी फट, आणि खरं तर तीन बाजूंनी पत्रा हवाच कशाला? चार फूट विटेची भिंत ठेवा, वर मोकळं सोडा, थंडी-पावसात पडदा. मोकळा गोठा गायींनाही बरा.

कडब्याच्या खोलीची मधली भिंत मात्र नऊ इंची विटेची करा आणि छतापर्यंत न्या, पत्र्याखालची फट मातीच्या गिलाव्याने का होईना पण बंद करा. त्याहून बरं म्हणजे गंजी गोठ्यापासून लांबच घाला. ओला चारा रचला असेल तर तो आतून स्वतःच तापतो, लोखंडी गज खुपसून दहा मिनिटांनी हात लावून बघायची जुनी रीत आहे, ती सोडू नका. कुट्टी मशीनची वायर पत्र्याच्या कडेवरून गेली असेल तर आजच काढा. पत्रा इन्सुलेशन कापतो, मग एक तर ठिणगी किंवा सगळ्या भिंतीत करंट. अर्थिंग करा आणि ३० मिलीअँपिअरचा ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवा. आणि दावं सुरगाठीचं ठेवा, रात्री आग लागली तर आठ गाठी सोडत बसायला वेळ नसतो.

प्रश्न : आमचे आठ लूम पत्र्याच्या शेडमध्ये आहेत आणि त्याच शेडमध्ये पोटमाळ्यावर आम्ही राहतो. राहायच्या खोलीची लूमकडची भिंत पत्र्याची आहे, तिला काय लावू? (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : भिंतीच्या आधी मला सांगा तुम्ही खाली उतरता कुठून. जिना लूमच्या मधून असेल तर भिंत चार तासांची करूनही उपयोग नाही. मे २०२५ मध्ये सोलापूरच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला पहाटे आग लागली, मालकाचं कुटुंब तिथेच राहायचं, मालकासकट आठ जण गेले. कापसाचा तूस छताच्या सगळ्या कैच्यांवर (लोखंडी सांगाड्यावर), पाइपवर, ट्यूबलाइटवर बसलेला असतो, आग जमिनीवरून नाही तर त्या तुसावरून शेडच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला पळते आणि धूर आधी पोटमाळ्यात भरतो. माझं मत विचाराल तर तिथे राहू नका. पण घर दुसरीकडे घेणं सगळ्यांना जमत नाही हेही कळतं, तर मग क्रम असा ठेवा : आधी बाहेरच्या बाजूने लोखंडी जिना आणि त्यावर उघडणारं दार, खिडकीची जाळी आतून उघडेल अशी, कुलूप नको. मग बॅटरीवरचे धुराचे अलार्म, पण ते राहायच्या खोल्यांमध्ये, लूमवर लावले तर तुसाने रोज वाजतील आणि तुम्हीच काढून टाकाल. मग रात्री झोपताना लूमची मेन बंद.

त्यानंतर भिंत, आणि भिंतीबरोबर पोटमाळ्याची जमीन, कारण आग खालून येणार आहे. प्लायची जमीन असेल तर खालच्या बाजूने फायर बोर्डचे दोन थर आणि त्याला आधार देणारे अँगलही बोर्डात बंद करा, नाहीतर जमीन वाचेल आणि तिचा आधार वाकेल. भिंतीची जोडणी वर सिन्नरच्या उत्तरात दिलीये तशीच. लूमच्या थरथरीने बोर्डाचे सांधे उकलतात, दरवर्षी दिवाळीच्या साफसफाईत बघून भरून घ्या.

प्रश्न : मी टेक्सासमध्ये घरामागे लाकडी खांबांवर २९ गेजच्या पत्र्याचं वर्कशॉप बांधतोय, सुतारकामासाठी. कुंपणापासून चार फुटांवर येतं. इन्स्पेक्टर म्हणतो त्या बाजूची भिंत एक तासाची हवी. भारतातलं ज्ञान इथे चालेल का? (एक वाचक, ह्यूस्टन)

उत्तर : आगीचं ज्ञान तेच, कागद वेगळे. तुमच्याकडच्या निवासी बांधकामाच्या कोडमध्ये हद्दीपासून पाच फुटांच्या आत भिंत आली की, स्प्रिंकलर नसतील तर, एक तासाचं रेटिंग लागतं, म्हणून सगळ्यात सोपा उपाय म्हणजे नकाशावर वर्कशॉप दीड फूट आत सरकवणं. अजून काँक्रीट ओतलं नसेल तर हेच करा. ओतलं असेल तर तिकडे यूएल या चाचणी संस्थेच्या क्रमांकित डिझाइन मिळतात, लाकडी स्टडसाठी यू ३०५, दोन्ही बाजूंना पाच अष्टमांश इंची टाइप एक्स बोर्ड, म्हणजे तिकडचा फायर रेटेड जिप्सम. बाहेरच्या बाजूचा बोर्ड पत्र्याच्या खाली येतो तेव्हा तो पाणी सोसणारा घ्यावा लागेल. फक्त यू ३०५ मध्ये उभे स्टड आहेत आणि तुमच्या शेडला आडवे गर्ट (खांबांना जोडणाऱ्या लाकडी पट्ट्या) असणार, त्यामुळे खांबांच्या मध्ये उभे स्टड भरून घ्यावे लागतील, नुसत्या गर्टवर बोर्ड ठोकला तर इन्स्पेक्टर मानणार नाही आणि त्याचं बरोबर आहे. त्या भिंतीत खिडकी काढायचा विचार असेल तर तो आधी त्याच्या कानावर घाला. आणि सुतारकाम करताय तर तेल पुसलेल्या चिंध्या, विशेषतः जवसाच्या तेलाच्या, चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप पेटतात. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाणी घालून ठेवा, नाहीतर पसरून बाहेर वाळत घाला.